कार्यालयीन संदेशप्रणालीची निवृत्ती आणि नोंदींचे दायित्व

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी विंडोज १०, एक्स्चेंज सर्व्हर २०१६ व २०१९ आणि स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर २०१५ व २०१९ या उत्पादनांचे नियमित तांत्रिक साहाय्य थांबवले. त्यांपैकी विंडोजची चर्चा घरोघरी झाली. स्काइप फॉर बिझनेसची फारशी कुठे झाली नाही, आणि तरीही बँका, दलाल पेढ्या, विमा कंपन्या, औषधांचे कारखाने व रुग्णालये यांच्यापुढे त्या नावाने उभा राहिलेला प्रश्न अधिक किचकट होता. कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी आणि ग्राहकांशी बोलण्यासाठी वापरायचे हे सॉफ्टवेअर बदलणे सामान्य कंपनीला फार तर गैरसोयीचे वाटते. परंतु ज्या उद्योगांवर सरकारने नेमलेल्या नियामक संस्थेची देखरेख असते आणि ज्यांना आपला व्यवहार कसा झाला हे काही वर्षांनंतरही कागदोपत्री सिद्ध करून दाखवावे लागते, त्या उद्योगांत संदेशप्रणाली हे नोंदींचे भांडारही असते, आणि भांडाराची जागा बदलताना आतला माल हरवला तर त्याचा जाब कायदा विचारतो.

सॉफ्टवेअरचे ‘आयुष्य संपणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. ठरलेल्या तारखेला सॉफ्टवेअर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर चालू असतो, कर्मचारी नेहमीप्रमाणे संदेश पाठवतात आणि म्हणूनच बदलाचा निर्णय पुढे ढकलण्याचा मोह अनेक संस्थांना होतो. बंद होतो तो दुरुस्तीचा पुरवठा. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेतील त्रुटी सापडत राहतात आणि उत्पादक त्या बुजवणारे ‘पॅच’, म्हणजे छोटे दुरुस्तीचे तुकडे, पुरवत राहतो. मुदत संपल्यावर त्रुटी सापडायच्या थांबत नाहीत, पॅच तेवढे थांबतात. खुद्द स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरमधली एक त्रुटी ऑक्टोबर २०२३ मध्ये बुजवण्यात आली तेव्हा हल्लेखोर तिचा आधीपासूनच गैरवापर करत होते, यावरून पॅचविना चालणाऱ्या सर्व्हरची अवस्था काय होईल याची कल्पना येते. भारतीय रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान प्रशासनाच्या निर्देशांत कालबाह्य व साहाय्य नसलेली यंत्रसामग्री किंवा सॉफ्टवेअर वापरणे टाळावे, प्रत्येक सॉफ्टवेअरच्या साहाय्याच्या अखेरच्या तारखेवर लक्ष ठेवावे आणि ती तारीख येण्यापूर्वीच ते बदलण्याची योजना तयार असावी, असे बजावले आहे ते याच कारणाने.

म्हणजे जुने ठेवणे हा दोष आणि बदलताना नोंद गहाळ होणे हाही दोष, अशा दुहेरी कात्रीत या संस्था सापडतात. या कात्रीचे मूळ दोन वेगवेगळ्या वेळापत्रकांत आहे. सॉफ्टवेअर किती वर्षे जगेल हे उत्पादक आपल्या धंद्याच्या सोयीने ठरवतो. त्यावर लिहिलेला संदेश किती वर्षे जपायचा हे कायदा ठरवतो, आणि या दोन वेळापत्रकांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाचा, म्हणजे एसईसीचा, १७ए-४ हा नियम दलाल पेढ्यांना व्यवसायविषयक पत्रव्यवहार किमान तीन वर्षे, आणि त्यांतील पहिली दोन वर्षे सहज हाती येईल अशा ठिकाणी, जपायला लावतो. युरोपीय महासंघात ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या ‘मिफिड २’ या कायद्यान्वये गुंतवणूकविषयक संभाषणांच्या नोंदी पाच वर्षे आणि नियामकाने सांगितल्यास सात वर्षे ठेवाव्या लागतात. औषधनिर्मितीत अमेरिकी नियमांप्रमाणे एखाद्या तुकडीच्या उत्पादनाची कागदपत्रे त्या तुकडीची वापरण्याची मुदत संपल्यानंतरही किमान एक वर्ष जपावी लागतात. भारतात सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकाने, ग्राहकाने सौदा करण्याचा आदेश खरोखर दिला होता याचा पुरावा दलालाकडे असलाच पाहिजे आणि वाद झाल्यास तो सिद्ध करण्याचा भार दलालावरच राहील, असे ठरवले. ग्राहकाच्या सहीचा कागद, दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण, ईमेल, एसएमएस यांपैकी काहीही चालते, पण वाद उपस्थित झाला असेल तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत ते जपावे लागते. भारतातील न्यायप्रक्रियेचा वेग ठाऊक असलेल्या वाचकाला या शेवटच्या वाक्यखंडाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या तुलनेत संदेशप्रणालींची आयुष्ये पाहिली तर ती फारच चंचल दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या एकाच परंपरेत लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हर, ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर, लिंक आणि स्काइप फॉर बिझनेस अशी नावे एकामागून एक आली आणि गेली. त्यांपैकी स्काइप फॉर बिझनेसची ऑनलाइन आवृत्ती ३१ जुलै २०२१ रोजीच बंद झाली होती आणि तिची जागा टीम्सने घेतली. एओएलचे इन्स्टंट मेसेंजर डिसेंबर २०१७ मध्ये आणि याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये संपले. खनिज तेलाचा व्यापार करणारे ट्रेडर या फुकटच्या मेसेंजरांवर वर्षानुवर्षे भावांची बोलणी करत असल्याने ही बातमी तेलबाजारात चांगलीच गाजली. अॅटलासियन कंपनीने हिपचॅट व स्ट्राइड ही उत्पादने फेब्रुवारी २०१९ मध्ये थांबवून त्यांचे हक्क स्लॅकला विकले. मेटाने वर्कप्लेस हे उत्पादन बंद करण्याचा निर्णय मे २०२४ मध्ये जाहीर केला आणि ऑगस्ट २०२५ नंतर ते केवळ वाचण्यापुरते उघडे ठेवले. क्वचित सॉफ्टवेअर मरत नाही, त्याचा मालक बदलतो. आयबीएमकडचे लोटस नोट्स व डोमिनो २०१९ मध्ये एचसीएल या भारतीय कंपनीकडे गेले तेव्हा ग्राहकांना नोंदी हलवाव्या लागल्या नाहीत, पण करार मात्र नव्याने वाचावे लागले.

काही वेळा संपूर्ण सॉफ्टवेअर नाहीसे न होता त्यातला एकच भाग काढून टाकला जातो, आणि नियमनाखालच्या संस्थेला नेमका तोच भाग हवा असतो. बँकांच्या सौदेकक्षांत, म्हणजे जिथे शेकडो ट्रेडर एकाच वेळी भावांची देवाणघेवाण करतात अशा दालनांत, पार्लानो कंपनीचे माइंडअलाइन हे गटसंवादाचे सॉफ्टवेअर रुळले होते. त्यातील प्रत्येक विषयाची ‘खोली’ कायम राहत असे. उशिरा आलेल्या माणसाला आधीचे सारे बोलणे दिसे आणि कोणत्या खोलीत कोणाला प्रवेश आहे याची काटेकोर यादी ठेवता येई. मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २००७ मध्ये विकत घेतली, तिचे तंत्रज्ञान आधी ‘ग्रुप चॅट’ आणि पुढे ‘पर्सिस्टंट चॅट’ या नावाने आपल्या सर्व्हरमध्ये बसवले आणि स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीतून ते वगळून टाकले. वरवर पाहता एक सोय गेली एवढेच झाले. परंतु बँकेच्या संशोधन विभागाने कंपन्यांच्या विलीनीकरणाचे काम पाहणाऱ्या विभागाशी बोलू नये यासाठी कायद्याने अपेक्षित असलेली ‘माहितीची भिंत’ ज्या संस्थांनी या खोल्यांच्या प्रवेशयादीवर उभारली होती, त्यांना ती भिंत नव्या प्रणालीत पायापासून बांधावी लागली. नव्या सॉफ्टवेअरची निवड करताना सुविधांच्या याद्या समोरासमोर ठेवून तुलना करण्याची पद्धत इथे अपुरी पडते, कारण जुन्या प्रणालीतील कोणती सुविधा कोणत्या कायदेशीर जबाबदारीचे ओझे मुकाट्याने वाहत होती हे त्या यादीत लिहिलेले नसते.

नोंद म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. ईमेलच्या काळात एक पत्र म्हणजे एक नोंद असा सरळ हिशेब होता. पाठवणारा, घेणारा, वेळ, मजकूर आणि सोबतची फाइल या साऱ्यांचा एक गठ्ठा तयार होई आणि तो उचलून संग्रहात ठेवता येई. आजच्या चॅटमध्ये संदेश पाठवल्यावर तो सुधारता येतो, पुसता येतो, त्याला अंगठ्याची वा हास्याची खूण जोडता येते, आणि फाइल जोडली असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात दुसरीकडे ठेवलेल्या फाइलचा दुवा तेवढा पाठवला जातो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये चॅटच्या मजकुराची अनुपालनासाठीची प्रत वापरकर्त्याच्या एक्स्चेंज मेलबॉक्समधील लपवलेल्या फोल्डरमध्ये राहते, फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटमध्ये राहते आणि बैठकीचे चित्रमुद्रण आणखी वेगळ्या नियमांनी ठरावीक दिवसांनी पुसले जाऊ शकते. दोन वर्षांनी चौकशी आली आणि त्या दुव्यामागची फाइल मधल्या काळात दहा वेळा बदललेली असली, तर संदेश पाठवला त्या दिवशी समोरच्याने नेमके काय वाचले होते, हे सांगणे केवळ मजकूर जपणाऱ्या संस्थेला शक्य होत नाही. अंगठ्याची खूण जपण्याचा आग्रह कोणाला पोरकट वाटत असेल तर त्याने कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयाचा २०२३ मधील निकाल लक्षात घ्यावा. जवसाच्या खरेदीचा करार भ्रमणध्वनीवर आला असता एका शेतकऱ्याने उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला होता. न्यायालयाने ती सही मानली, आणि माल न दिल्याबद्दल सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरण्याचा आदेश दिला.

संदेश जपण्याच्या पद्धतीबाबतही नियम आहेत. एसईसीने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देताना त्या ‘एकदा लिहा, अनेकदा वाचा’ या प्रकारच्या साठ्यात ठेवण्याची अट घातली. अशा साठ्यात एकदा ठेवलेली नोंद मुदत संपेपर्यंत कोणालाही, अगदी प्रणालीच्या प्रशासकालाही, बदलता किंवा पुसता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने याला पर्याय दिला: प्रत्येक बदलाची कोणी, केव्हा, काय केले अशी संपूर्ण हकिगत जपणारी आणि मूळ नोंद पुन्हा उभी करू शकणारी प्रणालीही चालेल. जुन्यातून नव्यात जाताना हा पर्याय फार मोलाचा ठरतो, कारण न बदलणाऱ्या साठ्यातून नोंदी हलवणे हे स्वभावतःच त्या साठ्याच्या हेतूविरुद्धचे काम असते.

हे काम किती सहज बिघडू शकते याचे उत्तम उदाहरण जेपी मॉर्गन सिक्युरिटीज या पेढीच्या बाबतीत एसईसीने जून २०२३ मध्ये काढलेल्या आदेशात सापडते. पेढीने जपण्याची गरज उरली नव्हती अशा १९७० व १९८० च्या दशकांतील जुन्या नोंदी पुसण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. पुसण्याची आज्ञा नीट चालत नव्हती, म्हणून अडचण शोधताना जून २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांनी ती आज्ञा २०१८ च्या पहिल्या काही महिन्यांच्या संदेशांवर चालवून पाहिली. जपणुकीची मुदत न संपलेल्या संदेशांना संरक्षणाची खूण आहे आणि त्यामुळे ते पुसले जाणारच नाहीत, असा त्यांचा समज होता, आणि तो संग्रह सांभाळणाऱ्या बाहेरच्या पुरवठादाराच्या सांगण्यावर आधारलेला होता. एका विशिष्ट डोमेनवरील, म्हणजे ईमेल पत्त्यांच्या एका गटावरील, संदेशांना ती खूण लावायची राहून गेली होती. सुमारे ८,७०० मेलबॉक्समधील सुमारे ४ कोटी ७० लाख संदेश कायमचे गेले, आणि ही गोष्ट पेढीच्या लक्षात येईपर्यंत त्याच वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. निरनिराळ्या चौकश्यांत या संदेशांची मागणी झालेली होती. ते नाहीत एवढेच उत्तर उरले. आयोगाने ४० लाख डॉलर दंड केला. या प्रकरणात हॅकर नव्हता, लबाडी नव्हती, निष्काळजी म्हणता येईल असा माणूसही शोधावा लागेल. होता तो एक न तपासलेला समज. पुरवठादाराने दिलेली तोंडी वा लेखी हमी ही तपासणी नव्हे, आणि नियमपालनाची जबाबदारी पुरवठादाराकडे हस्तांतरित होत नाही, हे दोन धडे नोंदी हलवणाऱ्या प्रत्येक संस्थेने या आदेशातून घेण्यासारखे आहेत.

नोंदी शाबूत राहिल्या म्हणजे भागले असेही नाही. त्या वाचता आल्या पाहिजेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सुरक्षित आहेत, पण मोडी सफाईने वाचणारी माणसे मोजकी असल्याने त्यांतील फार मोठा भाग अभ्यासकांच्या हाती आलेला नाही. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या खास साच्यात अडकलेल्या संदेशांची गत दहा वर्षांत तशीच होते. स्काइप फॉर बिझनेसच्या सर्व्हरवर संभाषणांचा संग्रह एसक्यूएल डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या रूपात राहतो आणि एका संभाषणातील वाक्ये, माणसे व वेळा वेगवेगळ्या तक्त्यांत विखुरलेल्या असतात. डेटाबेसची फाइल तेवढी उचलून कपाटात ठेवली तर अक्षरे सगळी उरतात, संभाषण उरत नाही. म्हणून हलवताना प्रत्येक संभाषण पुन्हा जुळवून, सर्वमान्य आणि कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या साच्यात, बहुधा ईमेलच्या स्वरूपात, बदलले जाते. या बदलात संदेशांची वेळ जागतिक प्रमाणवेळेची की स्थानिक, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव अजून ओळखू येते की नुसता क्रमांक उरला आहे, गटात त्या क्षणी कोण हजर होते, अशा बारीकसारीक बाबींवर पुढे एखाद्या खटल्याचा निकाल अवलंबून राहू शकतो.

न्यायालयासमोर ही हललेली नोंद मूळचीच आहे हे दाखवण्यासाठी ‘हॅश’चा उपयोग होतो. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसा. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी तो ठसा संपूर्ण वेगळा येतो. १ जुलै २०२४ पासून भारतात लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते त्याच्या नमुन्यातच नोंदीचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहिण्याची जागा आहे. जुन्या प्रणालीतून बाहेर काढतानाच हॅश काढून ठेवला नाही, तर नव्या प्रणालीतून वर्षानंतर काढलेला ठसा फार तर एवढेच सांगतो की वर्षभरात बदल झालेला नाही. वाटेत काय झाले याबद्दल तो मूक असतो. साचा बदलला की ठसाही बदलतो, त्यामुळे जाणकार संस्था मूळ स्वरूपातील प्रत आणि वाचनीय प्रत अशा दोन्ही ठेवतात, आणि दोहोंच्या ठशांची यादी तिसऱ्या ठिकाणी. खर्च वाढतो, पण तो टाळण्याची जागा ही नव्हे.

तांत्रिक स्थलांतराइतकाच धोका माणसांच्या सवयीत असतो. जुनी प्रणाली हळूहळू मालवत असते, नवी अजून अंगवळणी पडलेली नसते, एकाने टीम्सवर विचारलेल्या प्रश्नाला दुसरा स्काइपवर उत्तर देतो, आणि या गोंधळात कंटाळलेला कर्मचारी खिशातला फोन काढून व्हॉट्सअॅपवर बोलतो. असे बोलणे संस्थेच्या संग्रहात कधीच येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गन सिक्युरिटीजला याच कारणासाठी एसईसीने १२ कोटी ५० लाख डॉलर आणि वायदे बाजाराच्या नियामकाने जेपी मॉर्गनच्या संबंधित कंपन्यांना ७ कोटी ५० लाख डॉलर दंड केला. ज्यांनी इतरांवर लक्ष ठेवायचे ते वरिष्ठच वैयक्तिक फोनवरून व्यवहाराचे बोलत होते, असे आयोगाने नोंदवले. सप्टेंबर २०२२ मध्ये १६ संस्थांवर मिळून ११० कोटी डॉलरहून अधिक दंड एसईसीने एकाच दिवशी बसवला. ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने ऑगस्ट २०२३ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीच्या एका कंपनीला ५४ लाख पौंडांचा दंड केला, तोही ऊर्जेच्या सौद्यांबाबत व्हॉट्सअॅपवर झालेल्या बोलण्याच्या नोंदी नसल्याबद्दल. हे सारे दंड सॉफ्टवेअर बदलल्यामुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण अधिकृत साधन जितके अवघड, तितकी अनधिकृत साधनाकडे ओढ जास्त, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला पटेल. त्यामुळे नवी प्रणाली निवडताना अनुपालन विभागाला आवडेल पण सौदेकक्षाला नकोशी वाटेल असे काही निवडणे म्हणजे दंडाची सोय स्वतःच करून ठेवणे होय.

यावर उपाय म्हणून ओळखीच्या संदेशसाधनालाच नोंदीची जोड देणारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत, आणि त्यांचाही अनुभव संमिश्र आहे. टेलिमेसेज नावाचे साधन सिग्नल या मेसेंजरच्या धर्तीवर चाले आणि प्रत्येक संदेशाची प्रत संग्रहासाठी बाजूला काढे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या हातातील फोनच्या छायाचित्रावरून ते सरकारी वर्तुळातही वापरात असल्याचे उघड झाले आणि लगोलग त्याच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. संग्रहाकडे जाणारे संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे फक्त पाठवणारा व घेणारा यांनाच वाचता येतील असे, राहत नसल्याचे दिसून आले आणि कंपनीला सेवा थांबवावी लागली. कूटबद्धता आणि नोंदजतन यांचा हा झगडा जुना आहे. गोल्डमन सॅक्सच्या पुढाकाराने अनेक बँकांनी मिळून उभारलेल्या सिम्फनी या संदेशप्रणालीबाबत न्यूयॉर्क राज्याच्या वित्तसेवा विभागाने २०१५ मध्ये शंका घेतली तेव्हा चार बँकांनी संदेशांच्या प्रती सात वर्षे जपण्याचे आणि कूट उलगडण्याच्या किल्ल्यांची प्रत स्वतंत्र विश्वस्तांकडे ठेवण्याचे मान्य केले होते. तोडगा बोजड दिसतो, पण आजवर सुचलेल्या तोडग्यांत तो अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण किल्ली कोणाकडे आहे हे त्यात उघडपणे लिहिलेले आहे.

स्काइप फॉर बिझनेससारखी प्रणाली चॅटबरोबर टेबलावरच्या दूरध्वनीचेही काम करत असते, आणि या बाजूचे नियम आयत्या वेळी आठवतात. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पासून लागू असलेल्या ‘कारीज लॉ’ या कायद्याप्रमाणे कार्यालय वा हॉटेलातील अंतर्गत दूरध्वनीवरून आधी कोणताही आकडा न दाबता थेट ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लागला पाहिजे. भारतात सार्वजनिक दूरध्वनीचे जाळे आणि कंपनीचे आंतरशहर खासगी जाळे जोडून दूरसंचार कंपनीचे शुल्क चुकवण्यास मनाई राहिली आहे. मुंबईच्या कार्यालयात आलेला कॉल कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यावरून पुण्याला नेऊन तिथल्या स्थानिक क्रमांकावर सोडता येऊ नये, यासाठी ठिकाणानुसार मार्ग ठरवणारी खास व्यवस्था प्रणालीत बसवावी लागते. परदेशी मुख्यालयाने जगभर एकच साचा लावायचे ठरवले की भारतातील शाखेचे घोडे बहुधा इथेच अडते.

रुग्णालयांचे चित्र आणखी निराळे आहे, कारण तिथे नोंदीआधी संदेश पोहोचण्याचा प्रश्न असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत सुमारे १ लाख ३० हजार पेजर वापरात होते आणि त्यांवर वर्षाला सुमारे ६६ लाख पौंड खर्च होत होते. आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये ते २०२१ च्या अखेरपर्यंत हद्दपार करण्याची घोषणा केली. ती मुदत उलटून गेल्यावरही अनेक रुग्णालयांत पेजर वाजतच राहिले. त्याचे कारण केवळ जुन्याचा मोह हे नव्हे: पेजरचा संदेश जाड भिंतींच्या आत व तळघरातही पोहोचतो, बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते आणि वायफाय बंद पडले तरी तो चालतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाकडे धावणाऱ्या पथकाला सूचना देण्यासाठी यापेक्षा भरवशाचे काय, हा डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता, आणि मूळ घोषणेतही आणीबाणीसाठी थोडे पेजर ठेवण्याची मुभा होती. कालबाह्य ठरवलेले साधन नेमके कोणते काम करत होते हे आधी पाहावे लागते, हे रुग्णालयांनी बँकांआधी ओळखले, असे म्हणायला हरकत नाही.

औषधनिर्मितीत नवे सॉफ्टवेअर आणल्यावर ते अपेक्षेप्रमाणे बसवले आहे, अपेक्षेप्रमाणे चालते आणि प्रत्यक्ष कामाच्या परिस्थितीतही टिकते, असे तीन टप्प्यांत लेखी सिद्ध करण्याची पद्धत आहे. गोव्यातील वेर्णासारख्या वसाहतींतून अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना ती चांगलीच परिचित आहे. साधी चॅटप्रणाली या कक्षेत येत नाही असे मानले जाते, पण उत्पादनातील एखाद्या विचलनाबाबतचा निर्णय चॅटवर झाला की ती कक्षेत ओढली जाते.

सारे जपून ठेवावे म्हणजे सुटका झाली, असा सोपा मार्गही आता उरलेला नाही. भारताचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो संपल्यावर आणि कायद्याने जपणे आवश्यक नसल्यास, ती पुसायला सांगतो. म्हणजे जुन्या सर्व्हरवरील प्रत्येक संदेश एकतर ठरावीक मुदतीपर्यंत जपायचा असतो किंवा पुसायचा असतो, आणि खटला वा चौकशी चालू असलेल्या संदेशांवर मुदत संपली तरी पुसण्याची बंदी, ज्याला व्यवहारात ‘लीगल होल्ड’ म्हणतात, ती लागू राहते. ही बंदी बहुधा जुन्या प्रणालीतच लावलेली असते आणि स्थलांतरात ती संदेशांबरोबर आपोआप येत नाही.

या सगळ्यावरून कामाचा क्रम प्रचलित पद्धतीच्या उलटा असायला हवा असे दिसते. बहुतेक प्रकल्प नव्या प्रणालीच्या निवडीपासून सुरू होतात आणि जुन्या नोंदींचा विचार अखेरच्या महिन्यावर ढकलतात. वास्तविक आधी जुन्या प्रणालीत कोणत्या नोंदी आहेत, कोणत्या कायद्याखाली व कधीपर्यंत जपायच्या आहेत आणि कोणत्यांवर पुसण्याची बंदी आहे हे ठरावे, मग त्या बाहेर काढून त्यांतील काही नमुने प्रत्यक्ष शोधून, उघडून व वाचून पाहावेत आणि त्यानंतरच नवी प्रणाली आणावी. ज्या संस्थांना क्लाउडवर जायचे नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरची वर्गणीवर चालणारी आवृत्ती काढली आहे. तिने मिळालेला वेळ या कामासाठी वापरला तर तो सत्कारणी लागेल. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवांच्या बाह्य कंत्राटांबाबत काढलेल्या निर्देशांत करारातच बाहेर पडण्याची योजना असण्याची अपेक्षा केली आहे, पण ते निर्देश लहान नागरी सहकारी बँकांना लागू नाहीत, आणि अशा बँकांची संख्या महाराष्ट्रात देशात सर्वाधिक आहे. त्यांच्या संचालक मंडळांनी नव्या संदेशप्रणालीच्या करारावर सही करण्यापूर्वी, सेवा बंद झाल्यास आपले सारे संदेश कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळतील, एवढे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.